उभ्या गाडीची थरथर

पळताना गाडीची काहीच तक्रार नसते. टोलनाक्यावर, रेल्वे फाटकाशी किंवा शिर्डीच्या गर्दीत ती उभी राहिली की मात्र स्टेअरिंग थरथरू लागते, आरपीएमचा काटा एका जागी ठरत नाही, एसी लावला की इंजिन दबते आणि एखाद्या वेळी बंदच पडते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गॅरेजला ही तक्रार नवी नाही. तिच्यावरचे उपचारही ठरून गेले आहेत. आधी पेट्रोल पंपाला दोष द्यायचा, मग प्लग बदलायचे, मग कॉइल, मग इंजेक्टर, आणि एवढे करूनही थरथर राहिली तर एखादा महागडा सेन्सर. इंजिनात हवा ज्या वाटेने जाते ती वाट उघडून बघणे मात्र या क्रमात शेवटी येते, कित्येकदा येतच नाही. हा क्रम उलटा केला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा मार्ग आधी उघडावा, नीट पाहावा, गरज असेल तिथे साफ करावा आणि मगच एखादा भाग बदलण्याचा विचार करावा. यात पैसे वाचतात, पण ते मुख्य कारण नव्हे. या मार्गावर साचलेली घाण इंजिनाच्या आतल्या तब्येतीविषयी बरेच काही सांगत असते. ती पुसून टाकण्याआधी वाचली, तर पुढचा मोठा खर्च कुठून येणार आहे हे वेळेत कळते.

दोष उभ्या गाडीतच का दिसतो, याचे उत्तर साध्या गणितात आहे. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एका भागाला १४.७ भाग हवा लागते. आकारमानात मोजले तर लिटरभर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर. १२०० सीसीचे इंजिन थ्रॉटल पूर्ण उघडून ५५०० आरपीएमवर पळत असेल, तर ते मिनिटाला तीन हजार लिटरच्या आसपास हवा ओढते. तेच इंजिन उभ्या गाडीत ७५० आरपीएमवर गुरगुरत असते तेव्हा त्याला मिनिटाला जेमतेम दीडशे लिटर हवा मिळते, कारण थ्रॉटलची गोल झडप जवळजवळ मिटलेली असते आणि हवा कडेच्या बारीक फटीतून जाते. आता समजा, चिरलेल्या एखाद्या व्हॅक्यूम नळीतून मिनिटाला पंधरा लिटर हवा हिशेबाबाहेर आत शिरते आहे. पळत्या गाडीत ती फार तर अर्धा टक्का भरते, उभ्या गाडीत दहा टक्के. झडपेच्या कडेवर बसलेल्या काळ्या थराचेही तसेच आहे. रुंद उघडलेल्या तोंडात तो जाणवतही नाही, पण बारीक फटीत तो सगळा तोल बिघडवतो. चार सिलिंडरच्या इंजिनात ७५० आरपीएमला सेकंदाला पंचवीस वेळा इंधन पेटते, तीन सिलिंडरच्या इंजिनात एकोणीस वेळा. त्यातले एखाद-दुसरे कच्चे जळाले तरी हाताला कळते. ‘रेस दिली की बरी होते’ हे ड्रायव्हर जे सांगतात, ते म्हणूनच फार महत्त्वाचे निदान आहे. दोष थोड्या हवेत दिसतो आणि जास्त हवेत लपतो, तेव्हा संशय आधी हवेच्या मार्गावर घ्यायला हवा.

याच गणितातून निघणारा दुसरा निष्कर्ष अनेकांच्या समजुतीला धक्का देईल. तुंबलेला एअर फिल्टर हे उभ्या गाडीच्या थरथरीचे कारण सहसा नसते. तीन हजार लिटर हवा जाऊ द्यायला बनवलेला कागद अर्धाअधिक तुंबला, तरी दीडशे लिटर सहज सोडतो. तुंबलेल्या फिल्टरने घाटात पिकअप मरतो, उभ्या गाडीचे आयडलिंग नव्हे. फिल्टर बदलला आणि थरथर गेली नाही म्हणून हवेचा मार्ग निर्दोष ठरवणे चुकीचे आहे, ते याचसाठी. फिल्टरचा डबा उघडायचा तो फिल्टर किती काळा झाला हे बघायला नाही, तर फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, काय दिसते ते बघायला.

या मार्गावर दोन वेगवेगळ्या प्रकारची घाण साचते आणि दोन्हींना सरसकट ‘कचरा’ म्हटल्याने निदान चुकते. पहिली घाण बाहेरची, म्हणजे धूळ. ती फिल्टरच्या अलीकडे असेल तर फिल्टर आपले काम करतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण फिल्टरच्या पलीकडे, डब्याच्या स्वच्छ बाजूला किंवा रबरी नळीत बोट फिरवून ते मातकट निघाले, तर ती धोक्याची घंटा समजावी. फिल्टर नीट बसलेला नाही, डब्याची एखादी क्लिप तुटली आहे, नळीला चीर आहे किंवा स्वस्तातल्या फिल्टरची रबरी कड आखूड पडते आहे. दुसरी घाण आतली असते. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा जळका वायू नेहमीच खाली ऑइलच्या खोलीत उतरतो. पूर्वी तो सरळ रस्त्यावर सोडत. प्रदूषणाच्या नियमांनंतर तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून आणि त्याच्या जोडनळीतून पुन्हा हवेच्या मार्गात आणून जाळला जातो. त्याच्यासोबत ऑइलची वाफ येते, ती थ्रॉटलच्या आसपास थिजते, इंजिनाच्या उष्णतेने भाजते आणि चिकट काळा थर होतो. म्हणजे थ्रॉटल काळा पडतो तो रस्त्यावरच्या धुळीने नव्हे, इंजिनाच्या स्वतःच्या श्वासाने. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत पातळ काळा थर असणे स्वाभाविक आहे. पण नळीत ऑइल ओघळलेले दिसले, तर पीसीव्ही व्हॉल्व्ह अडकला असेल, ऑइल पातळीपेक्षा जास्त भरले असेल किंवा रिंगा झिजल्या असतील. यातल्या पहिल्या दोन कारणांना किरकोळ खर्च येतो. तिसऱ्याला इंजिन खोलावे लागते. आणि रिंगा अकाली झिजण्याचे एक प्रमुख कारण पुन्हा पहिली घाण, म्हणजे फिल्टर चुकवून आत गेलेली धूळ. ती सिलिंडर घासते, त्यामुळे खाली उतरणारा वायू वाढतो, त्याबरोबर ऑइलची वाफ वाढते, थ्रॉटल आणखी काळा होतो. एकीतून दुसरी घाण अशी जन्माला येते. हे न पाहता नुसता स्प्रे मारून सगळे चकाचक केले, तर गाडी चार महिने नीट चालेल आणि पुरावा मात्र गटारात वाहून गेलेला असेल.

नगरच्या बाबतीत हा मुद्दा अधिक गंभीर होतो तो इथल्या जमिनीमुळे आणि हवेमुळे. १७ हजार चौरस किलोमीटरहून मोठा, राज्यात क्षेत्रफळाने पहिला असलेला हा जिल्हा अकोले तालुक्याचा डोंगरी पश्चिम भाग सोडला तर पर्जन्यछायेत आहे. पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर, श्रीगोंदा या पट्ट्यात वर्षातले सात-आठ महिने जमीन कोरडी असते. खाली काळा बेसॉल्ट खडक, त्याचीच खडी रस्त्याला, त्याचाच चुरा हवेत. बेसॉल्टमधले फेल्डस्पार हे खनिज कठीणपणाच्या मोजपट्टीवर सहाच्या आसपास बसते. सिलिंडरचे ओतीव लोखंड त्याच्यापेक्षा मऊ. उत्तरेकडे कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, नेवासे या उसाच्या पट्ट्यात पाण्यामुळे धूळ कमी, पण हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेल्या साइडपट्ट्या आणि जाळलेल्या पाचटाची राख तिची भरपाई करतात. ऊसतोडीनंतर शेतातले उंदीर आसरा शोधत अंगणातल्या गाडीच्या बॉनेटखाली शिरतात, फिल्टरच्या डब्यात घरटे करतात आणि नळ्या कुरतडतात. नगर-मनमाड रस्त्याच्या दुरवस्थेविषयी तर वर्षानुवर्षे आंदोलने झाली. उखडलेल्या रस्त्यावर पुढच्या मालमोटारीने उडवलेल्या धुळीच्या लोटात चालणारी गाडी आणि मुंबईच्या सागरी सेतूवर चालणारी गाडी यांना सर्व्हिस बुकातले एकच वेळापत्रक लावणे अन्यायाचे आहे. खरे तर त्या पुस्तकांतच धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळा, लवकरचा तक्ता छापलेला असतो. तो तक्ता या जिल्ह्यासाठीच आहे, असे समजायला हरकत नाही.

धुळीत इंजिन कसे जगवावे, याची जाण असलेली माणसे आणि संस्था याच जिल्ह्यात आहेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. संरक्षण संशोधन संस्थेची वाहनांसाठीची प्रयोगशाळा, व्हीआरडीई, नगरजवळ वाहननगरला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार देशात नव्या गाड्यांची मान्यता-चाचणी करणाऱ्या मोजक्या संस्थांत तिचा समावेश होतो. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये रणगाड्यांचे दल घडते आणि १९९४ पासूनच्या रणगाडा संग्रहालयात देशोदेशींचे रणगाडे उभे आहेत. वाळवंटात चालणाऱ्या रणगाड्यात हवा फिल्टरपर्यंत पोहोचण्याआधी गरगर फिरवतात, जड कण बाहेर फेकतात, आणि उरलेली बारीक धूळ फिल्टरवर सोपवतात. एअर क्लीनरची निगा हा तिथल्या रोजच्या शिस्तीचा भाग असतो, कारण ती चुकली तर इंजिन ऐन वेळी दगा देते. पण ही शिस्त पाहायला छावणीतही जायला नको. शेतकऱ्याच्या दारातला जुना ट्रॅक्टर बघा. ऑइल बाथ एअर क्लीनरची वाटी उतरवायची, तळाचा गाळ काढायचा, ऑइल खुणेपर्यंत भरायचे, हे मळणीच्या दिवसांत रोज करायचे काम आहे, आणि ते न सांगता केले जाते. ट्रॅक्टरशेजारच्या कारचे बॉनेट मात्र सर्व्हिसिंगशिवाय उघडत नाही. कार नाजूक आणि कॉम्प्युटरवाली, तिच्यात आपण हात घालू नये, हा समज त्यामागे आहे. सेन्सरपुरता तो बरोबर आहे. फिल्टरच्या डब्याच्या चार क्लिपा आणि नळीचा पट्टा यांच्यापुरता तो अगदी चूक आहे.

कार्बोरेटरच्या काळात हात घालणे भागच होते. १९७२ साली आलेली, नगरच्या कायनेटिक कारखान्याचे नाव घरोघर नेणारी ल्यूना मोपेड चालवणाऱ्या माणसालाही कार्बोरेटर खोलून जेट फुंकता येत असे. दोन हजार सालानंतर इंजेक्शनच्या गाड्या सर्रास झाल्या, ‘स्लो’चा स्क्रू गेला आणि आयडलिंग कॉम्प्युटर सांभाळू लागला. इथूनच पहिला आक्षेप येतो. कॉम्प्युटर जर हवा मोजून इंधन कमी-जास्त करतो आणि थ्रॉटलही स्वतःच उघडतो, तर थोड्या घाणीने काय बिघडणार? उत्तर असे, की कॉम्प्युटर दोष दूर करत नाही, तो भरून काढतो. फट अरुंद झाली की तो झडप थोडी जास्त उघडून धरतो. मिश्रणात हवा जास्त आहे असे ऑक्सिजन सेन्सरने कळवले की इंधन वाढवतो. या दुरुस्तीला मर्यादा असते. ती मर्यादा येईपर्यंत मालकाला काहीच जाणवत नाही, आणि आली की एसीचा कॉम्प्रेसर लागल्याक्षणी इंजिन दबते. म्हणजे कॉम्प्युटरवाल्या गाडीत थरथर जाणवते तेव्हा बिघाड नुकताच सुरू झालेला नसतो, तो बराच आधीचा असतो. पण हाच कॉम्प्युटर आपली दुरुस्ती आकड्यांत नोंदवतोही. स्कॅनर लावून इंधनाची दीर्घकालीन दुरुस्ती आयडलला आणि मग २५०० आरपीएमला वाचावी. आयडलला ती अधिक पंधरा-वीस टक्के आणि रेस दिल्यावर शून्याकडे येत असेल, तर थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी हवा गळते आहे. उलट रेस दिल्यावर ती वाढत असेल, तर इंधनाचा दाब किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासावा. एक अपवाद सांगायला हवा. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या हवेचा प्रवाह न मोजता मॅनिफोल्डमधला दाब मोजतात. त्यांत गळतीने मिश्रण पातळ होण्याऐवजी आरपीएम वर चढतो किंवा हेलकावे खातो. गाडीत कोणता सेन्सर आहे हे ठाऊक नसताना ‘एअर फ्लो सेन्सर साफ केला’ असे बिल येत असेल, तर तो सेन्सर गाडीत आहे का, हे विचारावे.

दुसरा आक्षेप इथेनॉलचा, आणि उसाच्या, साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात तो विशेष जोरात बोलला जातो. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले तेव्हापासून गाड्या बिघडल्या, हवेच्या मार्गाचा यात काय संबंध? या आक्षेपात तथ्य आहे आणि तो झटकून टाकू नये. इथेनॉलमध्ये प्राणवायू आधीच असल्याने त्याला जळायला हवा कमी लागते, वजनाने एकास नऊ. त्यामुळे दहा टक्के मिश्रणाकडून वीस टक्क्यांकडे जाताना कॉम्प्युटरला चारेक टक्के इंधन वाढवावे लागते. निरोगी गाडी हे सहज करते. पण ज्या गाडीची दुरुस्तीची मर्यादा गळक्या नळीने आणि काळ्या थ्रॉटलने आधीच संपत आली आहे, तिला हे चार टक्के पेलत नाहीत आणि मालकाला वाटते की दोष केवळ इंधनाचा. इंधन आपल्याला बदलता येत नाही, हवेचा मार्ग साफ करता येतो. इथेनॉलमुळे या साफसफाईची निकड वाढली आहे. मात्र टाकी भरल्यावर लगेच, त्याच दिवशी थरथर सुरू झाली, विशेषतः पावसाळ्यात, तर टाकीतले पाणी आधी तपासावे. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि ते प्रमाणाबाहेर गेले की तळाशी वेगळे बसते. तिथे थ्रॉटल घासून काही मिळणार नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत रास्त वाटतो. ‘थ्रॉटल क्लीनिंग’ हा बिल फुगवायचा धंदा झाला आहे, प्रत्येक सर्व्हिसिंगला तो माथी मारला जातो. हे पुष्कळदा खरे असते. पण गरज नसताना केलेल्या कामाची तक्रार त्या कामाविरुद्धचा पुरावा होत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे आकडे मागणे. साफ करण्याआधी आयडलला झडप किती टक्के उघडी होती, इंधनाची दुरुस्ती किती होती आणि नंतर किती झाली, हे बिलावर लिहून द्यायला स्कॅनर असलेल्या गॅरेजला दोन मिनिटे लागतात. आकडा हलला नसेल तर काम निरर्थक होते. शिवाय अति सफाईने नुकसानच होते. कागदी फिल्टरवर धुळीचा पातळ थर बसला की त्याची पकड उलट सुधारते, कारण कणांनीच कणांना अडवायला सुरुवात होते. दर आठवड्याला तो काढून टायरला आपटणे किंवा पंक्चरवाल्याच्या हवेच्या पाइपने बाहेरून फुंकणे, याने कागदाला न दिसणारी भोके पडतात आणि धूळ घड्यांत खोल जाते. फुंकायचाच तर कमी दाबाने आणि आतून बाहेर. भिजलेला, तेलकट झालेला किंवा फाटलेला फिल्टर बदलावा. त्याची किंमत एकंदर खर्चाच्या मानाने अगदी किरकोळ आहे.

साफ करण्याची पद्धत थोडक्यात सांगतो, कारण चुकीच्या पद्धतीने झालेले काम पाहून अनेकांचा या उपायावरचा विश्वास उडाला आहे. इंजिन बंद आणि गार असावे. नळी काढण्याआधी तिच्या घड्यांमध्ये चिरा आहेत का, पट्टे सैल आहेत का, लहान व्हॅक्यूम नळ्यांची टोके कडक होऊन फाटली आहेत का, ते पाहावे. थ्रॉटलवर क्लीनर सरळ फवारण्यापेक्षा कापडावर घेऊन झडपेची कड आणि तिच्यासमोरची भिंत पुसावी. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने जोर लावून ढकलू नये, आतले दाते आणि मोटर नाजूक असतात. काही झडपांच्या कडेला कारखान्यातच गडद लेप दिलेला असतो. तो कार्बन समजून खरवडला तर फट कायमची बिघडते. सुटे भाग पेट्रोलच्या डब्यात बुडवून ब्रशने घासण्याची जुनी सवय इथे घातक आहे, कारण रबर फुगते आणि सेन्सर जातो. हवा मोजणाऱ्या सेन्सरची तार केसासारखी बारीक असते. तिला त्याच कामाचा, मागे काही न ठेवता उडून जाणारा क्लीनर हवा. कापड नको, बोट नको, हवेचा पाइप तर नकोच. शेवटी कॉम्प्युटरला नवी फट शिकवावी लागते. घाणीमुळे त्याने झडप जास्त उघडी ठेवायची सवय लावून घेतलेली असते, म्हणून साफ केल्यावर काही गाड्यांचे इंजिन आधी उभ्या उभ्याच भलत्या जोरात फिरते. बऱ्याच गॅरेजमध्ये ही पायरी गाळली जाते आणि ‘साफ करून गाडी आणखी बिघडली’ असा बोभाटा होतो.

आता शेवटचा आक्षेप : दोष हवेच्या मार्गात नसलाच तर? नसेलही. थरथर ठरावीक ठेक्यात येत असेल तर एकच सिलिंडर मार खातो आहे, तिथे प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन पाहावे. काटा स्थिर आहे पण सीट हलते, तर इंजिनाचे माउंटिंग. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या नव्या टर्बो गाड्यांत कार्बन व्हॉल्व्हच्या मागे साचतो, तिथे थ्रॉटलचा स्प्रे पोहोचत नाही. जुन्या डिझेल जीपमध्ये तर हा थ्रॉटलच नसतो, तिची थरथर बहुतेक वेळा इंजेक्टरची किंवा इंधनाच्या नळीने हवा धरल्याची, आणि नव्या डिझेलमध्ये काजळीने भरलेल्या ईजीआर व्हॉल्व्हची. तरीही पेट्रोल गाडीत हवेचा मार्ग आधी उघडण्याचे कारण कायम राहते. त्याला वेळ कमी लागतो, भाग विकत घ्यावा लागत नाही, आणि काही सापडले नाही तरी नळी कोरडी व स्वच्छ असल्याचे कळते. रिंगा आणि फिल्टर ठीक असल्याची ती जवळजवळ खात्रीच. कॉइल बदलून थरथर गेली नाही, तर एवढीही माहिती हाती येत नाही.

या निदानासाठी लागणारे एक मोजमाप तर प्रत्येक मालक कायद्याने आधीच करून घेतो. पीयूसीच्या चाचणीत पेट्रोल गाडीचा धूर आयडललाही तपासतात. बीएस-४ पासूनच्या गाड्यांना आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे, आणि २५०० आरपीएमच्या आसपास हवा-इंधनाचे गुणोत्तर सांगणारा लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान असावा लागतो. हे आकडे प्रमाणपत्रावर छापलेले असतात आणि आपण त्यावरची फक्त मुदत वाचतो. कार्बन मोनॉक्साइड कमी पण हायड्रोकार्बन गेल्या वर्षापेक्षा बराच वाढलेला असेल, तर इंधन न जळता बाहेर पडते आहे. मिश्रण पातळ झाले असेल किंवा ठिणगी चुकत असेल. दोन्ही वाढले असतील तर पेट्रोल जास्त जाते आहे. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना हे प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. जुनी प्रमाणपत्रे फेकून न देता सर्व्हिसिंगच्या बिलांसोबत ठेवावीत आणि थरथर सुरू झाली की गॅरेजमध्ये बॉनेट उघडण्याआधी ती मिस्त्रीच्या हातात द्यावीत.